वरचा दिवाणखाना

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघे कुरकुरतात म्हणतेस आणि गाणं शिकवायला रोज तीन मजले चढतेस. तुला कोण सांगणार!

इथलं काम संपत आलं. गोऱ्यांच्या अमदानीतलं हे घर आता पुरातत्त्व खात्याने जतन केलंय. वरचा दिवाणखाना वीस हात रुंद, पण त्याच्या खाली आधाराला एक खांब नाही. जमिनीचा सगळा भार चार तुळयांवर, प्रत्येक तुळई अख्ख्या एका झाडाची. वर जाणारा लाकडी जिनाही भिंतीला धरून गोल चढतो, खाली टेकू नाही. आमच्या साहेबांनी तीस वर्षं या घराचा अभ्यास केलाय. अशी जोडणी आता कुठे उरली नाही म्हणतात. मी साधा सुतार, पण कठड्यावर हात फिरवला की मलाही ते पटतं.

फक्त तिसऱ्या तुळईवर ठोकलं की आवाज पोकळ येतो. जुनं लाकूड, बोलायचंच.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

२० जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बातमी ऐक. तुमच्या घराच्या उद्घाटनाला, आठ फेब्रुवारीला, आमच्या शाळेच्या बत्तीस मुली वरच्या दिवाणखान्यात गाणार! मुलींपेक्षा मीच जास्त नाचतेय, गुडघ्यांसकट. मोठ्या बाई जुन्या घराचं नाव काढताच बिचकल्या होत्या, पण खात्याकडून दाखला आला, तीनशे माणसांचा भार सहज पेलेल असा. मग त्यांचा जीव भांड्यात पडला.

येताना तुझ्यासाठी स्वेटर आणते. बाही लांब झालीय, कुरकुर करू नकोस.
तुझी ताई

२५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुलींना आणू नकोस. त्या दाखल्यावर सही माझी आहे.

पंधरा तारखेला साहेबांनी कागद पुढे केला. तारीख चुकली तर घर दुसऱ्याच्या हाती जाईल म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचं मन मोडवलं नाही. म्हटलं, सही तर करू, तुळई नंतर बघू.

काल बघितली. भिंतीत शिरते तिथे पटाशी लावली, ती मुठीपर्यंत आत गेली. वरून पॉलिश, आत वाळवीची माती. धावत साहेबांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, की तूच तर धडधाकट आहे असं लिहून दिलंस, आता भीती वाटते म्हणून माझं घर बदनाम करू नकोस.

काहीही कर, पण येऊ नका.
धाकटा

१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मोठ्या बाईंना दाखवलं. त्यांनी खात्यात विचारलं. उत्तर आलं, की सुतार फार थकलाय, मनावर घेऊ नका. मी अंग काढून घेतलं तर दुसऱ्या बाई मुलींना घेऊन येणार. म्हणून मीही येतेय. मुली रोज गात गात घरी जातात, मला ऐकवत नाही.

रागवत नाही रे. पण सही तू केलीस, निस्तरायचंही तुलाच.
ताई

१० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पोलीस चौकीत हे पत्र देतील ना? आम्ही पोचलो तेव्हा तू जिन्याच्या खालच्या नऊ पायऱ्या करवतून टाकल्या होत्यास आणि वरचा अख्खा जिना खाली आला होता. लोक तुला वेडा म्हणत होते. साहेब त्या लाकडांत बसून एक पायरी रुमालाने पुसत होते. मुली बागेत गायल्या. मी पेटीवर बसले खरी, सूर कुठला लागतोय!

दिवाणखाना अजून जसाच्या तसा उभा आहे. लोक तिकडेच बोट दाखवून हसतात. तू जेवत जा.
तुझी ताई

२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला कळलं असेलच. गुरुवारी दुपारी साहेब शिडी लावून एकटेच वर गेले. दिवाणखान्याची जमीन भक्कम आहे हे त्यांना चौकशीवाल्यांना दाखवायचं होतं. खालच्यांना त्यांच्या पावलांचा आवाज ऐकू येत होता, खिडकीपासून मधोमध. मग तुळई गेली. साहेब सापडले तेव्हा गेलेले होते.

मला आज सोडलं. दारात लोक हात जोडतात, बत्तीस मुली वाचवल्या म्हणतात. मान वर होत नाही ताई. त्या माणसाने माझ्या ओरडण्यावर विश्वास ठेवला नाही, कारण आधी माझ्या सहीवर ठेवला होता.

चौकशीत विचारलं, तुझा कोणता कागद खरा, दाखला की नंतर चौकीत दिलेला जबाब. जबाब, म्हटलं. मग दाखला का दिलास, म्हणाले. त्याच्या उत्तरासाठी त्यांनी कागदावर कोरी जागा सोडलीय. उद्या भरून द्यायची आहे.

जमलं तर येऊन बस जवळ.
धाकटा