बारा कोरडे बूश

लिंबायत, सुरत
२३ फेब्रुवारी १९९७, रविवार

चि. नितीनराव यांस,

सुकदेवचे आशीर्वाद पोचावेत. इथे आम्ही सगळे मानेच्या वर ठणठणीत आहोत; मानेच्या खालचं पुढे ओघात येईलच. तुमची तब्येत उत्तम असणार, कारण तुम्ही नाशिकला आहात आणि तुमची गाडी माझ्या दारात आहे. तुमची बहीणही बरी आहे. गेल्या रविवारपासून सुषमा माझ्याशी पोळी हवी की नको एवढंच बोलते, त्यामुळे घरात शांतता आहे आणि मला डायरी लिहायला भरपूर वेळ मिळतो.

तुम्ही जानेवारीत पाठवलेली परदेशी मासिकाच्या तीन पानांची झेरॉक्स मी जपून ठेवली आहे. बूश म्हणजे काय हे मला त्यावरून कळलं. चाकाकडचं लोखंड आणि गाडीखालचं लोखंड यांच्यामध्ये रबराची एक जाड बांगडी असते. धक्के ती खाते आणि दोन्ही लोखंडांना वाटतं, आपलं किती छान जमतं. (माझी आई आणि तुमची बहीण यांच्यामध्ये मी अठरा वर्षं हेच काम करतोय, पण या पदाला नाव आहे हे माहीत नव्हतं.) मासिकाचं म्हणणं असं, की जुनं रबर सैल पडतं, ते काढून पॉलियुरेथेनचे कडक बूश घातले की स्पोर्ट्‌स कार वळणावर डुलत नाही आणि चालवणाऱ्याला रस्ता ‘कळतो’. खाली तुम्ही पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘दाजी, पांडुरंगराव येण्याआधी एवढं करून घ्या, इम्प्रेशन पडेल.’

तुमची दूरदृष्टी मान्य केली पाहिजे. कामरेजचे पांडुरंगराव आपली मनीषा तुम्हाला द्यायची की नाही हे ठरवण्याआधी घर बघायला येणार. तुमचे आईवडील नसल्यामुळे बघायचं घर म्हणजे आमचं. आणि आमच्या दोन खोल्यांत बघण्यासारखं काही नाही, तेव्हा पाहुण्यांना निदान गाडीतून तरी आणावं. गाडीही काय! लाल, दोनच माणसांची, वर छप्पर नसलेली आणि वयाने माझ्यापेक्षा फक्त दहा वर्षांनी लहान. नाशिकच्या क्वार्टरला जागा नाही म्हणून ‘दोन आठवड्यांसाठी’ ती तुम्ही आमच्या गल्लीत उभी केलीत, त्याला या महिन्यात सव्वा वर्ष झालं. मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो होतो असं मला आठवत होतं, पण डायरी काढून पाहिली तर त्या तारखेला ‘गाडी सुंदर आहे’ एवढंच लिहिलेलं सापडलं. असो.

काम उखाला दिलं. उखा म्हणजे आमच्या गल्लीतला पॉवरलूमचा फिटर, मूळचा पारोळ्याकडचा. झेरॉक्समधलं चित्र उलटं धरून पाहत तो म्हणाला, “नाना, यामा काय शे? आम्ही लूमले रोज टाकतस.” आडवा धागा घेऊन धावणाऱ्या धोट्याचा मार खायला लूमला जो कडक तुकडा लावतात, त्याच मालाचा दांडा त्याने आणला, उधन्याला लेथवर बारा बूश कातून घेतले आणि दोन दिवसांत बसवलेही. मापाला एक केस इकडचा तिकडे नाही. फक्त तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं, की या मालाच्या बुशाला बसवताना भरपूर ग्रीस लावावं. हे मी उखाला सांगितलं. (सांगितलं खरं, पण तो कारखान्यात असताना. चाळीस लूम चालू होते. त्याने मान हलवली ती मला की लूमला, हे नक्की सांगता येत नाही.) नंतर पाहिलं, तर पठ्ठ्या प्रत्येक बूश रॉकेलने धुऊन, फडक्याने कोरडा करून बसवत होता. त्याचंही चूक म्हणता येत नाही. वीस वर्षं ज्याने कापडाशेजारी काम केलं, त्याच्या दृष्टीने ग्रीस हे पाप आहे. तुमच्या सीटला पांढरे अभ्रे घातलेले. “डाग पडना का ताका गया, नाना,” एवढंच तो म्हणाला. तुमच्या गाडीला कोणी ताका, म्हणजे कापडाचा तागा, म्हणेल असं मासिकवाल्यांच्या ध्यानात आलं नसावं.

मग चाचणी घेतली. उखा, त्याचा जोडीदार वाल्मिक आणि समोरचा छगन, असे तिघे आळीपाळीने शेजारी बसले. गल्लीच्या पहिल्या खड्ड्यात मला एक आवाज ऐकू आला. डायरीत त्याचं वर्णन ‘विहिरीचा कोरडा रहाट, पण दुखावलेला’ असं केलं आहे. मी तिघांनाही विचारलं. तिघेही म्हणाले, आवाज अजिबात नाही. आता हे तिघे बारा-बारा तास लूमच्या खडखडाटात उभे राहणारे. आपसात बोलतानासुद्धा एकमेकांच्या ओठांकडे पाहतात. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण तिघांविरुद्ध मी एकटा, आणि त्यातून माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी माझ्याच कानांवर संशय घेतला. ‘आवाज नाही, बहुमताने’ अशी नोंद करून झोपलो.

रविवारी सकाळी कामरेजला पोचेपर्यंत माझ्या कानांची निर्दोष सुटका झाली होती. पांडुरंगराव दारातच उभे होते, बहुधा वाटेतलं पुणा गाव ओलांडल्यापासूनच त्यांना मी येत असल्याचं समजलं असावं. पांढरा सदरा, टोपी, आणि बसताना सदऱ्याखाली दिसला तो कमरेचा पट्टा. (मणक्याचं दुखणं, हे तुम्ही झेरॉक्सवर लिहिलं नव्हतं.) परतीचे वीस किलोमीटर आम्ही दोघे काही बोललो नाही. बोलायला गाडी होतीच. वराछ्याला म्हशी बाजूला झाल्या, सायकलवाले उतरून उभे राहिले, एका बाईने मुलाला उचलून घरात नेलं. मासिकाने दिलेला शब्द मात्र पाळला गेला: रस्ता मला कळला. कुठे खडी कमी पडली, कुठे डांबर नुसतं दाखवलं, सगळं मी माकडहाडाने वाचलं. तुमची गाडी वळणावर जराही डुलली नाही. डुललो आम्ही.

पांडुरंगरावांचं शेतीपंप दुरुस्तीचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. तीस वर्षं ज्यांनी आवाजावरून रोग ओळखला, त्यांना तुम्ही या गाडीत बसवलंत. त्यांनी घर पाहिलं नाही. चहाचा कप हातात घेऊन विचारलं, “हे बूश सुके कोणी बसवले?”

नितीनराव, इथे मी काय करायला हवं होतं? बुशाच्या जागी बसून अठरा वर्षं धक्के खाल्लेला माणूस मी. हाही खाऊ शकत होतो. माझीच हौस म्हणून सांगितलं असतं तर त्यांना पटलं असतं. सुषमा पाहुण्यांच्या मागे उभी राहून मला तेच खुणावत होती. मी खरं सांगितलं. बसवले उखाने, बदलायचं ठरवलं नितीनरावांनी. बसवताना ते होते का? नव्हते, त्यांनी कागद पाठवला.

“म्हणजे कागद त्यांचा आणि हाडं माझी,” पांडुरंगराव शांतपणे म्हणाले. मग सुषमाकडे वळून, “ताई, चहा फक्कड झाला,” असं म्हणून त्यांनी रिक्षा मागवली.

त्या दिवशीचं तुमच्या बहिणीचं शेवटचं सलग वाक्य असं: “एक दिवस खोटं बोलला असता, तर डायरीला काय फेफरं आलं असतं का?” मी यावर विचार करतो आहे. तुमच्या लग्नाचं मोडलं की राहिलं ते अजून कळलेलं नाही. कळेल तसं कळवीन.

तुमचा हितचिंतक,
सुकदेव

ता. क. (४ मार्च) पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, बरं झालं. पांडुरंगरावांचं कार्ड आलं. मुलगी द्यायला त्यांची ना नाही. मनीषाचं म्हणणं, की हौशी माणूस आळशी माणसापेक्षा परवडला. अट एकच: १६ मार्चच्या रविवारी मुलाने स्वतः, त्याच गाडीतून, त्याच बुशांवर, लिंबायतहून कामरेजला यावं. ‘पोचले तर साखरपुड्याचं बोलू,’ असं लिहिलं आहे. मोडेल या भीतीने पंधरा दिवस नीट जेवलो नव्हतो, तो आज सुषमाने आपणहून तिसरी पोळी वाढली.

ता. ता. क. वर एक गोष्ट लिहायची राहिली. विसरलो नव्हतो, लिहिली नाही. पांडुरंगराव गेल्यावर दोनच दिवसांनी मी उखाकडून सगळे बूश काढवले, ग्रीस भरून पुन्हा बसवले, आणि अभ्रे धुवायला टाकले. तेव्हापासून गाडी चूं करत नाही. मी रोज उधन्याच्या प्रोसेस हाऊसला, कापड रंगवायच्या कामावर, तिनेच जातो. वळणावर ती अशी सरळ राहते, की परवा भाठेनाच्या चौकाला मी कारण नसताना दोन फेऱ्या मारल्या. इतकं बरं मला कधी वाटलं होतं, हे डायरीत शोधतो आहे.

आता प्रश्न असा. कार्डात ‘त्याच बुशांवर’ आहे, ग्रीसबद्दल अक्षर नाही. शब्दाने पाहिलं तर ग्रीस चालतं, हेतूने पाहिलं तर चालत नाही. मी हेतू मानणारा माणूस आहे, म्हणून ग्रीस पुसून काढायला उखाला शनिवारी, १५ तारखेला बोलावलं आहे. मात्र लग्नानंतर ही दोन माणसांची गाडी तुमच्या काय उपयोगाची? सासरे आले तर बसतील कुठे? गाडी कायमची इथेच राहू द्यावी असं माझं मत आहे. तुमचंही तसंच असल्याचं पत्र शनिवारच्या आत मिळालं, तर कार्डाचा अर्थ शब्दाने लावायला मी तयार आहे. याला सौदा म्हणतात का, यावर काल डायरीत चार पानं लिहिली. उत्तर निघालं नाही. उखाला मात्र ग्रीस पुसायचं की ठेवायचं, हे अजून नक्की कळवलेलं नाही.