कोपऱ्यातल्या खोलीतलं माहेर

आबा, कुसगावच्या आपल्या बिल्डिंगला आता काचेचं दार लागलंय. तुम्ही भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या भिंती पाडून मी ऑफिसं केली. रिसॉर्टचं बुकिंग घेणाऱ्या कंपनीची पोरं तिथे हेडफोन लावून बसतात. मोरी होती तिथे प्रिंटर आहे. काम झकास झालं, असं सगळे म्हणतात. मला मात्र त्या दारातून आत जायची लाज वाटते.

कोपऱ्यातली खोली कुणाची, हे तुम्हाला काय सांगायचं! वरच्या वाडीतून लग्न होऊन आलेली, आईबाप नसलेली पोर. नवरा लोणावळ्यात हॉटेलात कामाला. पहिल्या खेपेचे दिवस भरत आले, जायला माहेर नाही, म्हणून ती भांडी घासता घासता रडत होती. तुम्ही अंगणातूनच ओरडलात, "रडती कशाला? बाळंतपण आमी करू. हेच तुजं माहेर." आईने ते केलंही. तेव्हापासून ती माझ्यावर बहिणीचा हक्क गाजवायची. "दादा, नळ गळतोय, आन् तुमी पेपर वाचताय व्हय?" मी मुकाट उठायचो.

खोली रिकामी कर, हे मी तिला फोनवर सांगितलं. एका अंगणात राहून फोनवर! ती भांडली नाही. वराळ्याला जागा बघितली, टेंपो बोलावला. त्या सकाळी तुमच्या सुनेने सुपात तांदूळ, नारळ, खण काढून ठेवला आणि मला बजावलं, "सामान चढलं की हाक मारा. ओटी भरल्याशिवाय लेक माहेरातून जात नाही."

सामान चढलं. नवरा टेंपोत बसला तरी ती दारातच उभी. "दादा, वैनी हायती ना घरात?"

मिस्त्री भिंतीवर खुणा करत होता. त्याच्याकडे बघत मी म्हणालो, "नाही गं, बाहेर गेलीय."

"बरं. जाते मग," ती म्हणाली. येते म्हणाली नाही.

घरात मी सांगितलं, ती घाईत होती, थांबलीच नाही. ओटी भरली असती तर मी लेकीला घराबाहेर काढलं असतं, आबा. भाडेकरूला काढणं सोपं होतं. हे लिहून तुम्हाला पाठवायचं तरी कुठे?

परवा ऑफिसची पूजा झाली. निरोप देऊनही ती आली नाही. "एवढं केलं तिचं, शेवटी परकी ती परकीच," तुमची सून म्हणाली. मी मान डोलावली.