माझ्या पायाखालचं घर

तीर्थरूप ताईस,
धाकट्या भावाचा (नकाशाप्रमाणे सध्या बेघर) साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? माझी तब्येत ठणठणीत आहे. इतकी, की मी सलग दोन तास उभा राहू शकतो, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत विकासवाले आले. दोन मुली आणि एक दाढीवाला. गल्लीचा विकास गल्लीतल्यांनीच ठरवायचा, असं त्यांचं म्हणणं. ठरवा बापडे! पण त्यासाठी शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांनी फरशीवर बसून खडूनं गल्लीचा नकाशा काढायचा, हे ऐकून माझं डोकंच फिरलं. ताई, मी मोजणी खात्यात तीस वर्षं काढली. साखळी धरून उन्हातान्हात लोकांच्या हद्दी ठरवल्या. आणि इथं शिंपीणबाई अख्खी गल्ली चार हातांत बसवतेय, इस्त्रीवाला आपलं दुकान चौकाएवढं काढतोय (आत गिऱ्हाईक आलं तर त्याला स्वतःला बाहेर यावं लागतं), आणि उत्तर दिशा कुठली हे एकालाही माहीत नाही! मलाही खडू देऊ केला. मी घेतला नाही. मधोमध उभा राहून प्रमाण, हद्द आणि दिशा या विषयांवर मी दोन तास बोललो. कुणी ऐकलं नाही. माझ्या चपलांना वळसा घालून सगळे रेघा ओढत राहिले.

मग प्रत्येकाला पाच-पाच खडे वाटले. गल्लीत जे व्हावंसं वाटतं त्यावर खडा ठेवायचा. हा पोरखेळ बघून मी निषेध म्हणून तडक बाहेर पडलो. आणि मी उभा होतो तेवढी जागा कोरी राहिली. ती जागा म्हणजे आपलं घर, ताई! मी दोन तास माझ्याच घरावर उभा होतो. दाढीवाल्यानं फोटो काढला, कोऱ्या जागेला ‘मोकळा भूखंड’ असं नाव दिलं आणि तिथं बायकांना बसायला खोली मंजूर झाली. बेचाळीस खड्यांनी.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या कार्यालयात जाऊन खरेदीखतापासून सगळे कागद टेबलावर ओतले. तिथली मुलगी म्हणाली, “काका, कागद बरोबर आहेत हो. पण नकाशा सगळ्यांनी मिळून केलाय, एकट्यासाठी कसा बदलू? पुन्हा सभा घ्यावी लागेल.” म्हणजे मला घर आहे की नाही, हे आता इस्त्रीवाला ठरवणार!

घरी येऊन तणतणत होतो, तर हिनं भाजी चिरता चिरता सांगितलं की बेचाळिसातले पाच खडे तिचे. मी म्हटलं, अगं, स्वतःचं घर ओळखलं नाहीस? म्हणाली, “ओळखलं की. पण तुला काय हवं, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं.” फार लागलं. (बाबांनी तरी तुला कधी काही विचारलं होतं? आणि मी तरी?)

रविवारी पुन्हा सभा आहे. ही तुझं ऐकते. तिला चार ओळी लिहून समजाव, एवढंच मागणं.

तुझा संतापलेला,
धाकटा

ता. क. हे पत्र पेटीत टाकायचं राहिलं आणि सभा होऊन गेली. घर नकाशावर परत आलं. हिनंच उभं राहून सांगितलं तेव्हा बायकांनी खडे उचलले. अट एकच, दुपारी तीन ते पाच आमची पुढची खोली त्यांची. या वेळी मीही फरशीवर बसलो होतो. (उठताना इस्त्रीवाल्यानं हात दिला. तब्येतीबद्दलचं वरचं विधान मागे घेतो.) उत्तर दिशा मात्र अजून चुकीचीच आहे!

आणखी एक. हिला काही लिहू नकोस. माझी आरामखुर्ची कुठं ठेवायची यावर परवा खडे पडले, ती एकमतानं दाराबाहेरच्या ओट्यावर गेली. एकमतानं म्हणजे माझ्या खड्यासकट. चौदा जणी येतात आणि फरशी गार लागते, म्हणून तुझ्याकडची मोठी सतरंजी पाठव, असं लिहिणार होतो. पण आधी तुला ती लागते का, ते कळव. विचारतोय.