अम्माचा निरोप

डोंगरकडा,
ता. ४ मे २०२५

चि. जैतून हिस खाजाभाईचा सलाम आन् अनेक दुवा.

तू माझा फोन उचलत न्हाईस, म्हणून पत्र. ता. १८ ला मी हजला निघून राहिलो. जाण्याआधी घरोघर फिरून कहासुना, झालं-गेलं बोलणं, माफ करून घ्यायचा रिवाज तुला ठाऊकच हाय. सारं गाव झालं. शेजारच्या शालूबाईनं तर माफी देऊन वर लिंबाचं लोणचं बांधून दिलं. राहिलीस तू एकली.

तू मर्जीनं निकाह केलास म्हणून अम्मा जाईस्तोवर नऊ वर्षं आमी तुझ्याशी बोललो न्हाई. ते मनात असंल तर सोड. सख्ख्या बहिणीच्या माफीबिगर मक्केला कोणत्या तोंडानं जाऊ?

दाजींना सलाम. भावावरची माया आटू देऊ नको.

तुझा खाजाभाई

वारंगा फाटा,
ता. ८ मे

ती. खाजाभाई यांस, सलाम वि. वि.

त्याच शालूबाई मला मागच्या म्हैन्यात नरसीला भेटल्या. अम्मानं शेवटी तुमच्याजवळ माझ्यासाठी निरोप दिला होता म्हणं. शब्द त्यांना ऐकू आले न्हाईत. चार वर्षं तुमी तो गिळून बसलात, आन् मशिदीत लेकरांना पैगंबर शिकवता! नूह नबींनी साडेनऊशे वर्षं लोकांची टिंगल सोसून निरोप पोचवला, हे तुमीच सांगता ना? कुणी मानो न मानो, रसूलानं, अल्लाच्या निरोप्यानं, एक शब्द दडवायचा न्हाई, एक पदरचा घालायचा न्हाई, हे मलाबी तुमीच शिकवलं.

आपल्या हुजूर पैगंबरांनी शेवटच्या हजला अरफातच्या मैदानात लोकांना विचारलं, की मी निरोप पोचवला ना? सारे व्हय म्हणाले. त्याच मैदानात तुमी हात वर करून उभं राहणार. लाज कशी वाटत न्हाई?

आधी निरोप द्या, जसाच्या तसा. तुमी तडफडावं असंच वाटून राहिलं मला.

माझ्यासाठी दुवा मागू नका.

जैतून

डोंगरकडा,
ता. ११ मे

चि. जैतून हिस सलाम.

अम्मा म्हणाली होती, की जैतूनला बोलाव, तिचं काही चुकलं न्हाई, रुसवा माझाच खोटा होता, तिच्या हातचं पाणी पिऊनच जाईन. दोन दिवस ती दाराकडं बघत होती. मी पाणी नेलं तर तोंड मिटून घेतलं.

तू आली असतीस तर तुझं नाव टाकलेला मी गावासमोर खोटा पडलो असतो, म्हणून कळवलं न्हाई. आता काही दडवलं न्हाई. थोरला असून पाया पडतो, माफ कर.

तुझ्या दोन ओळींची वाट बघणारा,
खाजाभाई

वारंगा फाटा,
ता. १५ मे

ती. खाजाभाई यांस, सलाम वि. वि.

निरोप पोचला. काल अम्माच्या कबरीवर तांब्याभर पाणी घातलं आन् पोटभर रडले. तुमच्या दारावरून गेले, आत आले न्हाई.

माफी लिहून ठेवली हाय. खाली सही केली हाय. लोखंडी पेटीत कुलपात हाय. अम्माचा निरोप तुमी चार वर्षं ठेवलात, मीबी चारच ठेवीन, एक दिवस वर न्हाई. मधीच तुमाला वरचं बोलावणं आलं तर माझा इलाज न्हाई. अम्माचाबी नव्हता.

अरफातला सांगा, बहिणीनं माफी लिहिली हाय, पोचायची हाय.

लोभ असावा म्हणत न्हाई. दाराकडं बघत ऱ्हा.

जैतून