ताईचे शब्द

३ मार्च
पोचले एकदाची! ताईचं घर हवेशीर आहे, माझ्या खोलीत सकाळचं ऊन येतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर ताईची वाचा गेली. तिला पुन्हा बोलायला शिकवावं म्हणून भाऊजींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. मी बालवाडीची बाई, बडबडीचाच पगार घेते. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे, मेंदूतली बोलण्याची जागा दुखावलीय. ताई मला पाहताच गळ्यात पडून रडली.

६ मार्च
सकाळभर चमचा हातात धरून घोकून घेतलं. दुपारी ताई स्वच्छ म्हणाली, "चमचा." भाऊजींचे डोळे भरून आले. जेवताना मला तोच मागायचा होता, पण शब्दच आठवेना. "ते हे द्या ना," मी म्हणाले. तिघंही पोट धरून हसलो.

१० मार्च
ताईला उशी, पाणी, खिडकी म्हणता येतं. मला येत नाही. हाताला लिहिता येतं, जिभेवर मात्र काहीच नाही. डॉक्टरांनी माझ्याही मेंदूचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. दमणूक असेल, नाहीतर कसला तरी धसका, म्हणाले. कसंबसं ताईला सांगितलं, शिकवणी थोडे दिवस बंद. तिने मान हलवली, माझा हात धरला आणि आरशाकडे बोट दाखवलं. मी वेडी, सवयीने बोलून गेले.
आरसाही गेला.

१४ मार्च
ताई आता सलग बोलते, माझ्याच हेलात. तिच्यासमोर वही धरली: तुला ठाऊक होतं?
"पहिल्याच शब्दाला कळलं मला," ती शांतपणे म्हणाली. "थांबले असते तर मुकीच राहिले असते ना गं."
भाऊजी मान खाली घालून उभे होते. म्हणजे त्यांनाही —

१५ मार्च
डॉक्टर आले. ताईने सांगितलं, धसका घेतला की ही लहानपणापासून अशीच घुमी होते. त्यांना पटलं. मी ओरडले, नुसती हवा. जाताना भाऊजींनी दाराला बाहेरून कडी —

१६ मार्च
आता हातालाही — ते, ज्याने लिहितात, ते —
तोंडात एकच शब्द उरलाय. आई. ताईला तो अजून म्हणता येत नाही. दात आवळून बसलेय.

ताई आली. आईला फोन लावूनच आणलाय. कानाशी धरलाय. पलीकडे रडतेय ती, बोल गं बाळा म्हणतेय, एकदा तरी हाक मार म्हणतेय. ताई माझ्या ओठांकडे —
नाही बोलणार. नाही —
पलीकडे ती अजून रडतेय. मी —