दोन वर्षं सात महिने

७ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून नोकरीचा शोध गांभीर्याने. डिसेंबरच्या आत जागा मिळवायची, आणि विभागप्रमुखाच्या खालची घ्यायची नाही.
रोजगार कचेरीत गेलो. ओल्या छत्र्यांचा आणि परक्या मोज्यांचा वास. शेजारचा गृहस्थ थर्मासच्या झाकणातून सूप ओढत होता, प्रत्येक घोटाला आवाज. शिसारी आली. टाइल कंपनीच्या माजी उपविभागप्रमुखाला अशा माणसांत नंबर घेऊन बसावं लागतं.
सल्ला द्यायला इवाकुरा नावाची मुलगी. अठ्ठावीसची असेल. नखांवर बारीक फुलं चिकटवलेली. म्हणाली, त्सुकामोतो-सान, नोकरी सोडून दोन वर्षं सात महिने झाले, या काळात काय केलंत? म्हटलं, चिंतन. तिने कागदावर लिहिलं, ‘विशेष काही नाही.’ मला उलटं वाचता येतं, हे तिला माहीत नसावं.

८ ऑक्टोबर, मंगळवार
अर्ज हातानेच लिहायचा. एक अक्षर चुकलं की कागद फेकायचा. चूक झाकायची पांढरी शाई दिसली तर माणूस निष्काळजी ठरतो. चार कागद गेले. चौथ्यावर फोटोही चिकटवला होता, पण अंगठ्याला गोंद लागलेला आणि तो ठसा माझ्याच तोंडावर उमटला.
तोडगा सुचला. जुनी नोकरी या वसंतापर्यंत ओढून दाखवायची. बायकोला, सायोला सांगितलं. ती हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून आली होती आणि गरम पाण्यात मनगट बुडवून बसली होती. दुसरी पाळी घेतल्यापासून सुजतं म्हणे. वर न बघता म्हणाली, “अहो, पेन्शनच्या नोंदीत महिना न् महिना असतो. पहिल्याच दिवशी पकडतील.”
लोकांच्या बायका आधी पूर्ण ऐकून घेतात.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
‘नोकरी सोडण्याचं कारण’ असा एक रकाना आहे. भोचक लोक.
खरं म्हणजे मी नोकरी सोडलीच नव्हती. माझ्या हक्काची बढती ऑफिसातल्या कुवाबाराला दिली, म्हणून दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे राजीनामा ठेवला. अशा वेळी साहेबाने ‘तीन दिवस विचार कर’ म्हणायचं असतं. आमच्या साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाकले आणि म्हणाले, “इतकी वर्षं कष्ट घेतलेत, आभारी आहे.” तारखेचा शिक्का हाताशीच होता.
रकान्यात लिहिलं, ‘वैयक्तिक कारण’.

१६ ऑक्टोबर, बुधवार
मार्ग सापडला. ‘स्वतंत्र व्यवसाय – टाइलविषयक सल्ला.’ यात खोटं काही नाही. शेजारच्या यासुईंना न्हाणीघरात कुठल्या टाइल लावाव्यात ते मीच सांगितलं होतं. जूनमध्ये त्यातल्या चार निखळल्या आणि एक त्यांच्या बायकोच्या पायावर पडली, पण माझा सल्ला रंगापुरता होता.
इवाकुराला दाखवलं. किती गिऱ्हाईकं? एक. मग म्हणाली, सरळ लिहा ना, ‘घरी होतो, आता कामाला तयार आहे’. असं लिहिणाऱ्यांनाही नोकऱ्या लागतात. हे म्हणजे दवाखान्यातून घरी सोडल्याचा कागद झाला. आणि बोलताना ती नखावरचं निघालेलं फूल परत दाबून बसवत होती. माझं आयुष्य हिच्या हातात.

२१ ऑक्टोबर, सोमवार
फोन आला. म्हाताऱ्यांच्या न्हाणीघरासाठी भिंतीला लावायचे कठडे बनवणारी कंपनी, माणसं पंधरा. माझ्या लायकीची नाही, पण जाऊन त्यांना संधी देतो.
सायोने डाव्या हाताने शर्टाला इस्त्री केली. कॉलर चुरगळलेलीच राहिली. बोललो नाही. नोव्हेंबरपासून दुसरी पाळी बंद कर म्हटलं. ती म्हणाली, आधी नोकरी लागू तर द्या.
आरशासमोर उत्तराची तालीम. ‘या काळात मी बाजाराचा बाहेरून अभ्यास केला...’ अकरा वेळा. एक मिनिट चाळीस सेकंद. ‘बाहेरून’ नंतर थोडं थांबायचं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार, दुपारी ४
इंटरव्ह्यू झाला. मालकीण मिझोगुची बाई, सत्तरी ओलांडलेली, अंगात कामगारांचंच जाकीट. बाहीला ग्रीस. त्याच हाताने मला चहा दिला. कपाच्या कडेला बोटाचा ठसा होता. दुसऱ्या बाजूने प्यालो.
बाईंनी अर्ज वाचला, आणि मधल्या काळाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं ते टाइल कंपनीबद्दल. एकोणीस वर्षं तिथे काय केलंत? म्हटलं, नियोजन, समन्वय, देखरेख. त्या म्हणाल्या, ते तुमच्या विभागाचं काम झालं. तुम्ही काय केलंत? एखादी गोष्ट सांगा, तुम्ही नसता तर झाली नसती अशी.
चहा प्यालो. त्या थांबल्या. घाई नव्हती त्यांना, हे सगळ्यात वाईट. माझी एक मिनिट चाळीस सेकंदं तशीच घशात. शेवटी मीच म्हणालो, आणि त्यानंतर मी घरी होतो.
बाई म्हणाल्या, “हो, ते कळलं. त्याच्या आधीचं कळत नाहीये.”

त्याच दिवशी, रात्री ८
प्रश्न विचारण्याची पद्धतच अयोग्य. लहान कंपन्यांत असंच असतं.
तरी आठवून पाहिलं. अहवालांवर ‘पाहिलं’ असा शिक्का मारायचो. खूप अहवाल होते.

५ नोव्हेंबर, मंगळवार
पत्र आलं. अर्ज परत, फोटोसकट, आणि पुढच्या वाटचालीला शुभेच्छा.
सायोने विचारलं, कुठे अडलं? त्या मधल्या महिन्यांवरूनच ना? हो म्हणणार होतो. का कोण जाणे, बाईंचा प्रश्न होता तसा सांगितला. वाटलं, हिला तरी एखादी गोष्ट आठवेल. मी रोज घरी येऊन कंपनीचंच बोलायचो.
ती पाण्यात हात धरून बराच वेळ विचार करत बसली. मनापासून करत होती, ते दिसत होतं. पाणी निवलं. मी किटलीतून गरम ओतलं.
मग म्हणाली, “तुम्ही कधी उशिरा गेला नाहीत.”
नवा कागद घेतला. एकोणीस वर्षांपुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘वेळेवर जात असे.’
ओळ अर्धीही भरली नाही.