काटा शून्यावर येईपर्यंत

सातपूर, नाशिक
१९ डिसेंबर २०२४

प्रिय संजनाताई,
जयभीम.

हे पत्र मी ऑक्टोबरात लिहायला घेतलं होतं. वही आणली, पेन आणलं, मग भूक लागली म्हणून मिसळ खायला गेलो, तिथे एक ओळखीचा पोरगा भेटला आणि त्याच्या टेम्पोत बसून थेट सुरतेला. दीड महिना तिकडेच. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू 'जेवला का' विचारतेस आणि मी जेवणाचंच सांगत बसतो.

तुम्ही सगळे मजेत असाल, असं पुढे लिहायचं असतं. ते लिहीत नाही. दाजी कसे आहेत ते मला माहीत आहे.

इथे थंडी लय पडलीये आणि काम भरपूर. लोकांना आता एकाच यंत्रात दोन्ही पाहिजे, उन्हाळ्यात खोली गार, हिवाळ्यात गरम. पाणी तापवायलाही हीट पंप निघालेत. गच्चीवर टाकी आणि तिच्या डोक्यावर पंखा. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, गिझरच्या पाव विजेत पाणी कढत. परवा कॉलेज रोडला एक आजी पंख्यापुढे हात धरून म्हणाल्या, "गार वारं फेकतंय हे, आन् तू म्हणतो पाणी तापवतंय. येडी समजतो का मला?" मी नळ सोडला. हात पोळला, मग चहा दिला. चहात गवती चहा घातलेला. तू करायचीस तसा.

बघ, कुठे चाललो मी.

तर हे सगळं मला दाजींनी शिकवलं. आयटीआयत मी सात महिने टिकलो, दाजींच्या हाताखाली चार वर्षं. मला कुणी चार वर्षं सहन केलं नव्हतं, आपल्या बापाने पण नाही. ते मला हिरो म्हणायचे. "हिरो, कंपनीनं काटा शोभेला नाही लावला. बघत जा."

आता एप्रिलचं लिहितो. मध्येच थांबलो तर परत सुरतेला जाईन.

गंगापूर रोडचा तो बंगला. जुना एसी काढून तिथे गरम-गार दोन्ही करणारा नवा बसवायचा होता. जुना काढताना आधी पाइपांतला गॅस सगळा एसीच्या बाहेरच्या डब्यात ओढून घ्यावा लागतो. त्यासाठी यंत्र चालू ठेवायचं, गॅसचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवायची. काटा शून्यावर आला की डब्याचा वॉल्व्ह आवळायचा, यंत्र बंद करायचं, आणि मगच पाइपाच्या नटाला पाना लावायचा. यंत्र चालू असताना नट सैल झालं तर डबा गॅसबरोबर हवाही ओढतो. आत तेल असतं, दाबाने तापलेलं. त्यात हवा घुसली की बॉम्ब. दाजींनी हे मला पन्नास वेळा सांगितलं होतं.

दाजी खाली खोलीत रिमोट घेऊन उभे, मी गच्चीवर डब्यापाशी. खालून ओरडले, "काटा शून्यावर आला की हाक मार. मी येतो वर. तू पान्याला हात लावू नको."

मी लावला. त्या दिवशी अजून दोन घरं करायची होती, ऊन डोक्यात गेलं होतं, वाटलं आधीच थोडं सैल करून ठेवू म्हणजे नंतर खटखट निघेल. अर्धा आटा फिरवला. काही झालं नाही. शेजारच्या गच्चीवर एकजण कबुतरं उडवत होता. चाळीसेक असतील, सगळी एकदम वळायची. मी कठड्यापाशी जाऊन बघत बसलो. किती वेळ ते मला खरंच सांगता येणार नाही.

डब्याचा आवाज बदलला तो मला ऐकू नाही आला. दाजींना खाली खोलीत ऐकू आला. ते जिना चढून पळत आले आणि बंद करायला वाकले.

डबा फुटला. पुढचं तुला माहीत आहे. उजवा डोळा, उजवा हात.

दवाखान्याबाहेर रावजीशेठने मला बाजूला घेतलं. काम त्यांचं, आम्ही त्यांची माणसं. विचारलं, "नट कुणी सैल केलं?" मी म्हणालो, "दाजीच करत होते." एवढंच. त्यांनी तेच कागदावर लिहिलं आणि दाजींना कामावरून कमी केलं. मला ठेवलं.

दाजी शुद्धीवर आले तेव्हा त्यांना जिना चढल्याचंही आठवत नव्हतं. शेठ म्हणाले, शेखर, तू यंत्र चालू असताना नट कसं काढलंस. दाजी छताकडे बघत म्हणाले, "केलं असेल मीच." मी खाटेच्या पायाशी उभा होतो. तू स्टुलावर बसलेली. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी सलाइनची बाटली बघायला लागलो.

तू फोनवर म्हणालीस, आता ते घरातला पंखासुद्धा दुरुस्त करत नाहीत, म्हणतात माझा भरवसा नाही. तुमच्याकडे कळवणला दोन दुकानवाले बोलवायला आले होते, फक्त पोरांना शिकवा म्हणून, त्यांनाही परत पाठवलं. ताई, एक डोळा गेला तरी तो माणूस नुसत्या कानाने यंत्र दुरुस्त करेल. ते घरी बसलेत ते डोळ्यापायी नाही. मी त्यांना जी चूक चिकटवली तिच्यापायी बसलेत.

तर तू त्यांना सांग. मला जमणार नाही. रागाने नको, जेवण झाल्यावर निवांत सांग. आणि रावजीशेठला मी स्वतः

थांब. खालून भिमाबाई हाक मारतायत, माझ्या घरमालकीण. "संघर्ष, अरे तुझे दाजी आलेत कळवणहून. येष्टीनं एकटेच आलेत. वर पाठवू का?"

गॅलरीतून बघितलं. हत्यारांची पिशवी डाव्या खांद्याला लावलीये त्यांनी, काटे-पाने सगळी. भिमाबाईंना सांगतायत, "माझ्या काय कामाची आता. हिरोला देऊन टाकतो, त्याचा हात चांगलाय."

वर या म्हणालो. जिना चढतायत, कठड्याला हात लावत, एकेक पायरी.

तोंडाने मला नाही जमायचं, आणि ती पिशवी मला घेता येत नाही. हे पत्र पोस्टात टाकत नाही. पाकीटही चिकटवत नाही. त्यांच्याच हातात देतो, आणि ते वाचून होईपर्यंत खोलीतून कुठेही जात नाही.

तुझा भाऊ म्हणून सही करायची की नाही, ते दाजी घरी आल्यावर तू ठरव.

संघर्ष